ओव्या, कीर्तनं आणि घरचा सर्व्हर

पाबळच्या आसपासच्या वस्त्यांवर आवाज कुठे कुठे साठलेला असतो ते एकदा नीट पाहावं. आजोबांच्या ट्रंकेत भजनी मंडळाच्या कॅसेट असतात. मधल्या पिढीने मोबाइलच्या दुकानातून गाणी भरून आणलेली मेमरी कार्डं कपाटाच्या खणात पडलेली असतात. गेल्या हरिनाम सप्ताहातलं काल्याचं कीर्तन कुणाच्या तरी फोनमध्ये असतं आणि फोन बदलला की त्याच्याबरोबर जातं. हळदीला आत्याने म्हटलेली गाणी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतात आणि दोन महिन्यांत शुभेच्छांच्या ढिगाखाली गाडली जातात. यातलं बहुतेक काही स्पॉटिफायवर नाही, यूट्यूबवर नाही, आणि उद्याही असणार नाही. कारण ते कुठल्या कंपनीने काढलेलंच नाही. ते घरात आणि देवळात म्हटलं गेलं, घरातल्याच माणसाने टिपलं.

म्हणून घरात एक छोटा संगणक कायम चालू ठेवावा, सगळा आवाज त्याच्यावर एका जागी असावा आणि घरातल्या कुठल्याही फोनवर, टीव्हीवर, स्पीकरवर तो ऐकता यावा, ही मला हौशी लोकांची चैन वाटत नाही. गावाकडच्या घराची ती खरी गरज आहे. अशा संगणकाला मीडिया सर्व्हर म्हणतात, आणि तो उभा करणं दहावीनंतर थोडं वायरिंग शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला सहज जमण्यासारखं काम आहे.

हे पाबळच्या निमित्ताने सांगण्याला कारण आहे. शिरूर तालुक्यातलं हे कोरडवाहू गाव बाहेरच्यांना मस्तानीच्या समाधीमुळे माहीत असतं. पण १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधकाचं काम सोडून इथल्या माळावर आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांनी वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, पशुपालन अशी खरी कामं करत करत विज्ञान शिकावं, आणि ती कामं गावाच्या उपयोगाची असावीत, हा त्यांचा आग्रह. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी ‘फॅब लॅब’ म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याच्या कार्यशाळा जगभर नेण्याचं ठरवलं, तेव्हा अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या कार्यशाळांमध्ये पाबळ होतं. कोस्टा रिका, उत्तर नॉर्वे आणि घाना यांच्या जोडीला. तंत्रज्ञान विकत घेऊन वापरायचं एवढंच गावाच्या वाट्याला नाही, ते इथेच जोडता, उघडता आणि दुरुस्त करता येतं, हे या माळावर चाळीस वर्षं लोक हातांनी दाखवत आले आहेत. घरचा सर्व्हर हे त्याच जातीचं काम आहे.

सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करायला हवा. घरातल्या सर्व्हरला इंटरनेट लागत नाही. राउटर हा डबा दोन कामं करतो. एक, घरातल्या सगळ्या उपकरणांना आपापसात जोडणं. दोन, त्या सगळ्यांना बाहेरच्या जगाशी जोडणं. रिचार्ज संपला, टॉवर बंद पडला किंवा रस्त्याच्या कामात केबल तुटली, तर फक्त दुसरं काम थांबतं. पहिलं चालू राहतं. राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक आकडी पत्ता देतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. हे पत्ते घरगुती वापरासाठी जगभर राखून ठेवलेले आहेत, इंटरनेटवर त्यांना काही अर्थ नाही. सर्व्हरचा पत्ता मात्र रोज बदलू नये. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो त्या संगणकासाठी कायमचा राखून ठेवायचा. हे पाच मिनिटांचं काम टाळलं तर महिन्याभराने ‘सर्व्हर सापडत नाही’ अशी तक्रार हमखास येते.

यंत्र कोणतं घ्यावं? नवीन काही घेऊच नये, असं माझं मत आहे. आठ-दहा वर्षं जुना, विंडोज सुरू व्हायला पाच मिनिटं घेणारा लॅपटॉप या कामाला उत्तम. आवाज वाटायला संगणकाला जेमतेम श्रम पडतात. त्याच्यावर लिनक्स टाकलं की तो पुन्हा चपळ होतो. शिवाय लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, म्हणजे लाइट गेली तरी तो धाडकन बंद पडत नाही. ज्या भागात थ्री फेज आणि सिंगल फेजच्या वेळापत्रकावर दिवस बेतावा लागतो, तिथे ही गोष्ट मोठी आहे, कारण लिहिता लिहिता वीज गेली की डिस्कवरच्या फाइली बिघडतात. एवढंच बघायचं की जुनी बॅटरी फुगलेली नाही. फुगली असेल तर ती काढूनच टाकावी, तिच्याशी खेळू नये. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो मात्र जरूर घ्यावा.

लॅपटॉप नसेल तर रास्पबेरी पाय. फेब्रुवारी २०१२ मध्ये बाजारात आलेला, तळहाताएवढा हा संगणक शाळकरी मुलांसाठी बनवला होता, पण जगभर लोकांनी त्याचे घरगुती सर्व्हर केले. तो सुमारे पाच वॉट वीज खातो, म्हणजे चोवीस तास चालू ठेवला तरी महिन्याला साडेतीन-चार युनिट. लॅपटॉपला वीस वॉट धरले तर चौदा-पंधरा युनिट होतील. जुना डेस्कटॉप साठ वॉटने चाळीसच्या वर जाईल, म्हणून तो नको. रास्पबेरी पाय मेमरी कार्डवर चालतो आणि सततच्या लिखाणाने कार्डं खराब होतात. आवाजाचा साठा त्यावर न ठेवता वेगळ्या यूएसबी डिस्कवर ठेवावा.

आता साठा किती होईल? आवाज म्हणजे हवेच्या दाबातली झपाट्याने होणारी चढउतार. संगणक ती चढउतार ठरावीक अंतराने मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. ती टिपायची तर किमान दुप्पट वेळा मोजावं लागतं, म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापं ठरली. प्रत्येक मोजमाप सोळा बिटांचं. डावा-उजवा असे दोन प्रवाह धरले तर तासाला ६३५ मेगाबाइट होतात. एकट्या माणसाचा आवाज असेल तर एकच प्रवाह पुरतो, म्हणजे निम्मं. त्यावर ‘फ्लॅक’ नावाची पद्धत चालवली की एकही आकडा न गमावता फाइल साधारण आणखी निम्मी होते. ‘ओपस’सारखी पद्धत कानाला न जाणवणारा तपशील टाकून देते आणि बोलण्याचा तास पंधरा मेगाबाइटच्या आत बसवते. एमपीथ्रीही याच जातीचं, पण जुनं. त्याच्यावरची पेटंटं २०१७ साली संपली आणि ते आता सगळ्यांचं झालं आहे.

हे आकडे कोरडे वाटतील, म्हणून एका खऱ्या साठ्याला लावून बघू. हेमा राइरकर आणि गी पॉइतवँ या दोघांनी पुण्याच्या परिसरातून सुरुवात करून बायकांच्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. संगीताचा संगणकीय अभ्यास करणारे बर्नार्ड बेल नंतर त्यांच्यात सामील झाले आणि त्यातल्या कितीतरी ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं, एकशेवीस तासांहून अधिक. आता हा साठा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहातून लोकांपुढे येतो. याच शिरूर तालुक्यातल्या सविंदणे गावच्या ओव्याही त्यात आहेत. एकशेवीस तास एकेरी आवाज, फ्लॅकमध्ये: वीसेक गिगाबाइट. ओपसमध्ये: दोन गिगाबाइटच्या आत. म्हणजे कितीतरी गावांतल्या बायकांचे आवाज ज्यात मावले, तेवढा साठा आज दुकानात मिळणाऱ्या छोट्याशा पेनड्राइव्हवर राहतो. एका घराला जागा कमी पडण्याचा प्रश्नच नाही. म्हणून मूळ प्रत नेहमी फ्लॅकमध्ये ठेवावी. जागा वाचवण्यासाठी मूळ प्रतच ओपस किंवा एमपीथ्री करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं की टाकून दिलेला तपशील पुन्हा कधीच मिळत नाही, आणि उद्या त्या आवाजातली खरखर काढायची झाली तर नेमका तोच लागतो.

सगळ्यात जास्त वेळ कॅसेटला द्यावा लागेल, आणि तो द्यावा. नव्वद मिनिटांची कॅसेट संगणकात घ्यायला नव्वदच मिनिटं लागतात, घाई करायला वाव नाही. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर मिळवायचा, त्याच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून संगणकाच्या यूएसबी साउंड कार्डला द्यायची आणि ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये मुद्रण करायचं. त्याआधी टेपचं हेड कापसाच्या बोळ्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. कॅसेट दमट जागी राहिली असेल तर आधी ती एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यायची, म्हणजे चिकटलेली फीत सुटी होते. फितीच्या मागची स्पंजची छोटी गादी पडलेली असेल, तर ती दुसऱ्या फुकट गेलेल्या कॅसेटमधून काढून बसवता येते. मुद्रणाची पातळी अशी ठेवायची की मृदंगाच्या थापेलाही काटा लाल पट्ट्यात जाणार नाही. आवाज कमी भरला तर नंतर वाढवता येतो, पण वरून कापला गेला तर तो कापलेलाच राहतो. आणि सुरुवातीची कुजबुज, कुणाचं खोकणं, ‘चालू झालं का रे’ हे अजिबात कापू नये. मला तर मूळ भजनाइतकंच ते मोलाचं वाटतं.

साठा तयार झाला की तो वाटायचा. यात दोन अगदी वेगळी कामं आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिलं, साठवलेली फाइल हवी तेव्हा हव्या त्या माणसाला देणं. आई स्वयंपाकघरात हरिपाठ लावते, त्याच वेळी मुलगा माडीवर दुसरं काही ऐकतो. यासाठी जेलीफिन किंवा नॅव्हिड्रोम हे प्रोग्रॅम आहेत. दोन्ही मोफत, दोन्हींचा मूळ कोड उघडा. सर्व्हरवर एकदा बसवायचे, कुठल्या फोल्डरमध्ये आवाज आहेत ते सांगायचं, आणि फोनच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता टाकून पुढे जेलीफिनसाठी ८०९६ किंवा नॅव्हिड्रोमसाठी ४५३३ हा क्रमांक द्यायचा. स्क्रीनवर आपला साठा दिसतो. फक्त आवाजच असेल तर माझी पसंती नॅव्हिड्रोमला, ते हलकं आहे. लग्नाचे व्हिडिओही असतील तर जेलीफिन.

उघड्या कोडचा आग्रह मी धरतो त्यामागे इतिहास आहे. जेलीफिनचा जन्मच २०१८ च्या डिसेंबरात झाला, कारण एम्बी नावाच्या लोकप्रिय प्रोग्रॅमने आपला कोड झाकायला सुरुवात केली आणि लोकांनी आधीचा उघडा कोड घेऊन वेगळी वाट धरली. दुसरं उदाहरण त्याहून बोलकं. घरभर संगीत वाजवणाऱ्या ‘स्क्वीझबॉक्स’ या यंत्राचा धंदा लॉजिटेकने २००६ मध्ये विकत घेतला आणि २०१२ मध्ये ती यंत्रं बनवणं थांबवलं. पण त्यांचा सर्व्हर उघड्या कोडचा होता, त्यामुळे ती यंत्रं अजूनही लोकांच्या घरांत वाजतात, आणि २०२४ पासून तोच प्रोग्रॅम ‘लिरियन’ या नावाने वापरणारेच पुढे चालवत आहेत. बंद पेटी विकत घेतली असती तर कंपनीबरोबर तीही गप्प झाली असती.

दुसरं काम म्हणजे संगणकावर या क्षणी जे वाजतंय तेच दुसरीकडे ऐकवणं. ओसरीवरच्या लॅपटॉपवर आळंदीच्या कीर्तनाचं थेट प्रक्षेपण चाललंय आणि ते मागच्या पडवीतही हवंय. इथे फाइल नाहीच, वाहता आवाज आहे. लिनक्समध्ये प्रत्येक स्पीकरमागे एक ‘मॉनिटर’ असतो, म्हणजे स्पीकरला जाणाऱ्या आवाजाची हुबेहूब दुसरी धार. विंडोजमध्ये काही साउंड कार्डांना ‘स्टीरिओ मिक्स’ नावाची तशीच सोय असते. ही धार ‘बट’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने उचलायची आणि आइसकास्टला द्यायची. आइसकास्ट तिची बारीक बारीक पाकिटं करून, जो कोणी ८००० क्रमांकावर दार वाजवेल त्याला देत राहतं. अनेक इंटरनेट रेडिओ केंद्रं यावर चालतात. हवेतून एफएमवर प्रक्षेपण करायचं तर सरकारी परवाना लागतो. बारामतीच्या वसुंधरा वाहिनीसारख्या सामुदायिक रेडिओंनी तो रीतसर घेतलेला असतो. घरातल्या तारेवर आणि वायफायवर तसा परवाना लागत नाही.

पण आइसकास्टने ऐकलं की पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकते. पडवीतला आवाज ओसरीच्या चार-पाच सेकंद मागे असतो. हा बिघाड नव्हे. नवीन ऐकणारा आला की आइसकास्ट त्याला एकदम चौसष्ट किलोबाइट आधीचा आवाज देऊन टाकतं, म्हणजे वायफाय क्षणभर अडखळलं तरी आवाज तुटू नये. सेकंदाला १२८ किलोबिटच्या वेगाने तो साठा बरोबर चार सेकंदांचा होतो. एकटा माणूस दूरच्या खोलीत ऐकत असेल तर याने काही अडत नाही. दोन्ही खोल्यांचे आवाज एकमेकांना ऐकू येत असतील तर मात्र तोच अभंग दोनदा, एकावर एक, आणि दोन्ही वाया.

सप्त्यात देवळावरचा कर्णा आणि वेशीवरचा कर्णा एकाच तारेवर असूनही मधल्या घरांत शब्द फाटून येतात, ते सगळ्यांच्या अनुभवातलं आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरला सुमारे तीस मिलिसेकंद, सेकंदाचे तीस हजारांश. तेवढ्या फरकापर्यंत कान दोन आवाजांना एक समजून घेतो. त्याच्या बराच पुढे गेला की प्रतिध्वनी ऐकू येतो. घरातले दोन स्पीकर एका सुरात ठेवायचे तर ही मर्यादा पाळावी लागते, आणि इथे खरी अडचण घड्याळांची आहे. प्रत्येक उपकरणात आवाज वाजवण्याचा वेग ठरवणारा स्फटिक असतो आणि कुठलेही दोन स्फटिक नेमके सारखे नसतात. दर दहा लाखांत वीसचा फरक, हा अगदी मामुली. पण तासाला तो बहात्तर मिलिसेकंद होतो. दोन तासांचं कीर्तन नमनाला एकत्र सुरू झालं तरी संपेपर्यंत दोन स्पीकर एकमेकांपासून सुटलेले असतात.

यावर स्नॅपकास्ट नावाचा प्रोग्रॅम फार सुंदर उपाय करतो. सर्व्हर आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर तो नेमका कधी वाजायचा ती वेळ लिहितो. प्रत्येक स्पीकरजवळचं उपकरण सर्व्हरला सतत वेळ विचारून स्वतःच्या घड्याळाचा फरक काढत राहतं, आणि पुढे-मागे जाऊ लागलं की वाजवण्याचा वेग कानाला न कळेल इतका कमी-जास्त करतं. सगळे स्पीकर एकाच सेकंदाने मागे राहतात, पण एकमेकांशी मिलिसेकंदाच्याही आतच्या फरकाने जुळलेले. प्रत्येक स्पीकरला एक जुना अँड्रॉइड फोन किंवा रास्पबेरी पाय जोडला की झालं. काच फुटलेले फोन यासाठी जपून ठेवावेत.

शेतावरच्या घरात वायफायची वेगळी कहाणी असते. जाड दगडी भिंत आणि पत्र्याचं छत लहरी अडवतात. ५ गिगाहर्ट्झपेक्षा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे चांगला पोचतो, आणि आवाजाला त्याचा वेग भरपूर होतो. गोठ्यापर्यंत किंवा दुसऱ्या घरापर्यंत न्यायचं असेल तर सरळ तार टाकावी. साधी लॅन केबल शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते. उघड्यावरून गेलेली तार मात्र वळवाच्या विजा कडाडू लागल्या की दोन्ही टोकांनी काढून ठेवावी.

रांजणगाव किंवा चाकणच्या कंपनीत पाळी करणाऱ्या मुलाला, किंवा लेकीला परदेशात, घरचा साठा ऐकायचा असेल तर मग इंटरनेट लागतंच. राउटरमध्ये बाहेरून येण्याचं दार उघडून ठेवायचा सल्ला अनेक जण देतात. तो ऐकू नये. उघडं दार शोधत फिरणारे प्रोग्रॅम जगभर अखंड चालू असतात. शिवाय मोबाइल कंपन्या एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे ते दार बहुधा लागतही नाही. वायरगार्ड ही कुलूपबंद वाट वापरावी, मात्र पत्ता असा वाटलेला असेल तर तिलाही मध्ये बाहेरचा एखादा सर्व्हर लागतो. ज्यांच्या फोनमध्ये तिची किल्ली आहे तेवढेच आत येतात.

घराबाहेर जाणारा आवाज कुणाचा आहे हाही प्रश्न येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं टिकतो, आणि गाणाऱ्याचे, सादर करणाऱ्याचे स्वतंत्र हक्क पन्नास वर्षं. विकत घेतलेली कॅसेट घरात ऐकण्यासाठी सर्व्हरवर ठेवणं वेगळं आणि ती गावाला वाटणं वेगळं. ओवी म्हणणाऱ्या आजीला, कीर्तनकार महाराजांना, मृदंग वाजवणाऱ्या पोराला विचारून घ्यावं: हे कोण कोण ऐकलेलं चालेल? घरातलेच, गावातले, की कोणीही? उत्तर फाइलच्या माहितीतच लिहावं. तिथेच गाणाऱ्याचं नाव, गाव, माहेर, प्रसंग आणि साल. देवनागरीत लिहिलेलं या सगळ्या प्रोग्रॅमना नीट कळतं आणि शोधताही येतं. ‘रेकॉर्डिंग ००३’ अशा नावाची फाइल दहा वर्षांनी कुणीच उघडत नाही.

शेवटचं काम प्रतींचं. सर्व्हरवरची एक, घरातच पण सर्व्हरला न जोडलेल्या डिस्कवर दुसरी, आणि तिसरी दुसऱ्या गावात, मामाकडे किंवा बहिणीकडे, कारण आग किंवा चोरी एकाच घरातल्या दोन्ही प्रती नेते. डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवावी, दिवाळीला पाहुणे येतात तेव्हा नवी प्रत त्यांच्याबरोबर पाठवावी आणि जुनी परत मागवून तिच्यातल्या चार-दोन फाइली प्रत्यक्ष वाजवून पाहाव्यात.